गार्डांना आधी काय सांगितलं होतं तेही छापा की

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शिक्षक दिनाच्या पुरवणीत आपल्या पेपरात जो लेख आला होता तो वाचला, खुर्ची मिळाली की कुठलाही माणूस बदलतोच असा त्याचा सूर होता आणि पुरावा म्हणून नेहमीप्रमाणं अमेरिकेतला तो जेलचा प्रयोग. लेख वाचायला बरा आहे, आमच्या गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पण फिरला, पण प्रयोगाची अर्धीच गोष्ट त्यात आलीय म्हणून हे पत्र.

ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ऑगस्ट १९७१, स्टॅनफर्ड युनिव्हर्सिटी, तिथल्या तळघरात मानसशास्त्राचे प्रा. फिलिप झिंबार्डो यांनी खोटं खोटं जेल उभं केलं, पेपरात जाहिरात देऊन कॉलेजची २४ पोरं निवडली, दिवसाला १५ डॉलर भत्ता, आणि कोण गार्ड कोण कैदी ते नशिबावर सोडलं. गार्डांना खाकी कपडे, आरशासारखे गॉगल आणि हातात दंडुका, कैद्यांना नुसता झगा आणि नंबर. दोन आठवडे चालायचं होतं ते ६ दिवसांत बंद करावं लागलं कारण गार्डांनी कैद्यांना छळायला सुरुवात केली. इथंपर्यंत लेखात बरोबर आहे.

पण हे सगळं आपोआप झालं असं जे म्हटलंय ते काही खरं नाही. सुरुवातीच्या मीटिंगमध्ये झिंबार्डोंनी स्वतः गार्डांना सांगितलं होतं की मारहाण करायची नाही, पण कैद्यांना कंटाळा आणायचा, भीती वाटेल असं करायचं, सगळी सत्ता आपल्याकडं आणि त्यांच्याकडं काही नाही असं वाटलं पाहिजे. वॉर्डन झालेला डेव्हिड जॅफी हा त्यांचाच विद्यार्थी, एक गार्ड जरा मऊ वागतोय म्हटल्यावर त्याला बाजूला घेऊन समजावतोय की आम्हाला प्रत्येक गार्ड कडक पाहिजे, याचं रेकॉर्डिंग आहे, युनिव्हर्सिटीच्या कागदपत्रांत सापडलं आणि तिबो ल तेक्सिए या फ्रेंच संशोधकानं २०१८-१९ मध्ये ते सगळं बाहेर काढलं. सगळ्यात डेंजर म्हणून गाजलेला गार्ड डेव्ह एशलमन, त्यानं तर नंतर सरळ सांगून टाकलं की मी एका पिक्चरमधल्या जेलच्या साहेबाची नक्कल करत होतो, संशोधकांना काहीतरी घडायला हवंय हे मला कळत होतं. झिंबार्डो मात्र २०२४ मध्ये वारले तोपर्यंत परिस्थितीच माणसाला बदलते या आपल्या म्हणण्यावरून हटले नाहीत, हेही सांगायला पाहिजे.

आणि अजून एक, खुद्द झिंबार्डोंच्याच हिशोबानं क्रूर वागणारे गार्ड साधारण एक तृतीयांश होते. बाकीचे काही नियमानं वागणारे, काही तर चक्क कैद्यांना सवलती देणारे. तीच खाकी, तोच गॉगल, तोच दंडुका, मग सगळे सारखे का नाही झाले? जाहिरातीचंही बघा, २००७ मध्ये कार्नाहन आणि मॅकफार्लंड या दोघा संशोधकांनी तशीच जाहिरात देऊन बघितली, एकीत जेलच्या जीवनावरचा अभ्यास असं लिहिलं आणि दुसरीत जेलचं नावच नाही. जेल वाचून जे आले त्यांच्यात आक्रमकपणा, हुकूमत गाजवायची हौस जास्त आणि दुसऱ्याबद्दल कणव कमी निघाली. म्हणजे आलेली पोरंच साधी सरासरी होती का इथंपासून प्रश्न आहे.

आता आमच्याकडचं सांगते. मी खानापूर तालुक्यात हायस्कूलला मराठी शिकवत होते, शिक्षक दिनाला दहावीची पोरं शिक्षक व्हायची, पोरी आईची साडी नेसून, पोरं बापाचा शर्ट इन करून. आदल्या दिवशी पीटीचे सर त्यांची मीटिंग घ्यायचे. मीटिंग कसली, दम द्यायची शिकवणीच ती. छडी हातात ठेवा, मारू नका पण ठेवा, दात काढायचे नाहीत, एकदा हसलात की संपलं, आवाज आला की आख्खी लाईन उभी करा. दुसऱ्या दिवशी बघायला नको, आठवी ब मध्ये एरवी तोंडातनं शब्द न निघणारी एक पोरगी टेबलावर डस्टर आपटून "तुझ्या बापानं फी भरलीय ती काय झोपायला?" असं ओरडायलीय, पदर कमरेला खोचून, मान एका बाजूला वाकडी करून. ती मान आणि ते वाक्य कुणाचं ते स्टाफरूममध्ये सगळ्यांना माहीत, ते सर तर दारात उभं राहून सगळ्यात मोठ्यानं हसत होते. आता ही पोरगी खुर्चीनं बदलली म्हणायची का? तिनं जे रोज बघितलं होतं ते करून दाखवलं, आणि आदल्या दिवशी कुणीतरी तेच कर म्हणून सांगितलं पण होतं.

पुढं एका वर्षी पीटीचे सर रजेवर होते म्हणून मीटिंग सायन्सच्या बाईंनी घेतली. त्यांनी दम वगैरे काही सांगितलंच नाही, प्रत्येकाला एक एक धडा दिला आणि वर्गाला विचारायचे प्रश्न काढून आणा म्हणाल्या. त्या वर्षी पोरं फळ्याशीच झगडत होती, खडू मोडत होता, कुणाला उभं करायचं कुणाला सुचलंच नाही. एकजण तर प्रश्न विचारून स्वतःच उत्तर विसरला आणि नववीच्या पोरांनी त्याला सांगितलं. हे काय संशोधन नव्हे, मला मान्य आहे. पण २००१ मध्ये इंग्लंडात हॅसलम आणि रायशर या मानसशास्त्रज्ञांनी बीबीसीबरोबर १५ जणांना घेऊन असंच जेल केलं, कसं वागायचं ते गार्डांना शिकवलं नाही, तर गार्डांना स्वतःच्या सत्तेचीच लाज वाटायला लागली, त्यांचं आपसात पटेना आणि शेवटी कैद्यांनीच तो कारभार उलथवला. पुढं त्यांचंही काही फार बरं चाललं नाही, ते वेगळं. पण दंडुका दिला म्हणून कुणी राक्षस झाला नाही.

एवढं लांबण लावायचं कारण म्हणजे आपोआप म्हटलं की सांगणारा सुटतो. इराकमधल्या अबू घ्रैबच्या जेलमध्ये अमेरिकन सैनिकांनी केलेल्या कैद्यांच्या छळाचे फोटो २००४ मध्ये बाहेर आले तेव्हा खुद्द झिंबार्डो एका आरोपी सार्जंटच्या बाजूनं साक्षीला गेले होते, परिस्थितीच तशी होती म्हणून. त्या सार्जंटला ८ वर्षांची शिक्षा झाली ती झालीच, पण वरून हुकूम सोडणाऱ्या किती साहेबांना झाली ते आपल्याला माहीत आहेच. आपल्याकडंही तेच, गणपतीत मंडळाचा बॅज आणि शिट्टी मिळालेला पोरगा म्हाताऱ्या बाईवर खेकसला की आपण त्या पोराला नावं ठेवतो नाहीतर बॅजला. आदल्या रात्री मांडवात बसून अध्यक्षांनी त्याला काय सांगितलं होतं ते कोण विचारतंय?

तर विनंती एवढीच की तो प्रयोग पुन्हा छापायचा झाला तर सुरुवातीची मीटिंग आणि ते रेकॉर्डिंग यांच्यासकट छापा, जागा कमी पडत असेल तर गॉगलवाला फोटो छोटा करा. आणि शाळांच्या मुख्याध्यापकांना सांगणं आहे की पुढच्या शिक्षक दिनाला आदल्या दिवशीच्या मीटिंगमध्ये मागच्या बाकावर जाऊन बसा, तुमच्याच शाळेत पोरांना काय सांगितलं जातंय ते ऐका.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
ता. खानापूर, जि. बेळगाव