फॉल्सवर नुसती बंदी नको, गावातल्या पोरांना गाईड करा

मा. संपादक साहेब, नमस्कार.

पावसाळा लागला की आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात दरवर्षी तेच चालतं बघा, आधी फॉल्सचे रील्स फिरतात, मग रविवारी गाड्यांची रांग, मग कोण तरी घसरून पडतंय आणि मग बंदी, चेकपोस्टवर पोलीस. मागं फिरवलेल्या गाड्यांतली निम्मी पोरं आडवाटेनं परत आत घुसतात, तिथं ना मोबाईलला रेंज ना मदतीला माणूस. त्यामुळं मला एवढंच म्हणायचंय की जंगलाच्या काठावर जी गावं आहेत तिथल्या पोरापोरींना ट्रेनिंग देऊन गाईड करा, त्यांच्याशिवाय एकालाही आत सोडू नका आणि त्यातनं येणारा पैसा त्याच गावात राहू दे.

आपल्याकडं काय आहे हे आपल्याच लोकांना नीट माहीत नाही याचं खरंच वाईट वाटतं. जांबोटीवरनं पुढं कणकुंबीला गेलं की मलप्रभेचा उगम, तिथनं ती पूर्वेला जाऊन कूडलसंगमला कृष्णेला मिळते, आणि त्याच डोंगरात थोड्या अंतरावर म्हादई उगम पावते ती उलटी पश्चिमेला गोव्यात उतरते, मांडवी होऊन पणजीपाशी समुद्राला मिळते. पोरं वज्रपोहा फॉल्सला जाऊन फोटो काढून येतात, पण ते पाणी म्हादईचं आहे आणि पुढं कुठं जातंय हे सांगायला तिथं कोण नसतंय.

भीमगड अभयारण्य 2011 ला झालं, साधारण 190 चौरस किलोमीटर, आत शिवाजी महाराजांच्या काळातला भीमगड किल्ला आहे. त्याच भागात बारापेडेच्या गुहा आहेत, तिथं रॉटनचं वटवाघूळ म्हणून एक मोठ्या कानांची जात राहते. 1913 मध्ये शास्त्रज्ञांनी तिची पहिल्यांदा नोंद केली ती इथल्याच वटवाघळांवरून, आणि पुढं कित्येक वर्षं ही जात जगात फक्त इथंच आहे असं समजलं जायचं, नंतर मेघालयात आणि कंबोडियात सापडली. अशा गुहेत टॉर्च मारत, आरडाओरडा करत माणसं गेली तर काय होईल सांगा, तिकडं कुणाला सोडूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. कुठं न्यायचं, कुठं अजिबात न्यायचं नाही, गवे कुठल्या वेळेला पाण्यावर येतात, अस्वलाची वाट कुठली, ओढ्याचं पाणी कधी अचानक चढतं हे गवाळी, कोंगळा, पास्टोली, आमगाव इकडच्या माणसाला जेवढं कळतं तेवढं शहरातनं ग्रुप घेऊन येणाऱ्या ट्रेक लीडरला कळणार नाही.

आणि धबधब्याच्या नादात आपण हलशी विसरलो. कदंब राजांच्या काळात या गावाचं नाव पलाशिका, पाचव्या शतकातले ताम्रपट इथं मिळालेत, नंतर गोव्याच्या कदंबांनी 12 व्या शतकात भूवराह नरसिंहाचं मंदिर बांधलं, त्यात दोन गाभारे समोरासमोर, एकीकडं नरसिंह आणि दुसरीकडं पृथ्वीला उचललेला वराह. मध्ये उभं राहून एकदा इकडं एकदा तिकडं बघायचं, इतकं शांत आणि भारी वाटतं की काय सांगू. जाताना वाटेत नंदगड, जिथं इंग्रजांविरुद्ध लढलेल्या संगोळ्ळी रायण्णांना 1831 ला फाशी दिली, त्यांची समाधी आहे. खानापूरजवळ मलप्रभेच्या काठचं असोगा देवस्थान आहे. तिकडं कित्तूरचा किल्ला, 1824 ला राणी चन्नम्मांनी इंग्रजांना हरवलं ते ठिकाण, आणि कित्तूरजवळच्या देगावला कमलनारायणाचं मंदिर, ते पण कदंबांचंच, कदंब राणी कमलादेवीनं बांधून घेतलेलं, दगडावरचं नक्षीकाम बघत अर्धा दिवस जातो (म्हादईच्या उगमाचं देगाव वेगळं, लोक गोंधळ करतात आणि मॅप पण चुकवतो). बेळगावजवळच्या राजहंसगडाला तर आता गर्दी असतेच.

ही सगळी ठिकाणं भर पावसात पण बघता येतात. मग जुलै-ऑगस्टमध्ये चेकपोस्टवर गाडी अडवून नुसतं "मागं जा" सांगण्यापेक्षा तिथंच एक बोर्ड लावा, कन्नड-मराठी दोन्हीत, की फॉल्स आज बंद, पण हलशी, नंदगड, असोगा उघडं आहे, रस्ता असा. दोन तास गाडी चालवून आलेला माणूस पोरंबाळं घेऊन तिकडं जाईल की. फॉल्स ऑक्टोबर-नोव्हेंबरला पाणी जरा उतरल्यावर गाईडबरोबर बघावेत, तेव्हा पण सुंदरच असतात.

हे जमणार नाही असं म्हणणाऱ्यांनी साताऱ्याच्या कास पठाराकडं बघावं. तिथं आजूबाजूच्या गावांची समिती वन खात्याबरोबर काम करते, फुलांच्या सीझनला फी घेते, दिवसाला 3000 माणसांची मर्यादा ठेवली, आधी ऑनलाईन बुकिंग. कासला पण अडचणी येतात, गाड्यांची गर्दी होते, कुंपणावरून वाद झाले, सगळं गोडगोड नाही. पण गावातल्या माणसांच्या हाताला काम मिळालं आणि पठारावर लक्ष ठेवायला माणसं आली हे खरं आहे. आपल्याकडं हेमाडग्याला वन खात्याचा नेचर कॅम्प आहेच, म्हणजे सुरुवात करायला जागा आहे, आणि 1972 च्या वन्यजीव कायद्यात पर्यटनासाठी परवाना द्यायची सोय पण आहे.

एक भीती मला पण वाटते, ती म्हणजे गाईडच्या नावाखाली बाहेरचे रिसॉर्टवाले शिरतील, डीजे, टेन्ट, बाटल्या सगळं मागोमाग येईल. म्हणून लायसन्स फक्त त्या त्या पंचायतीतल्या माणसालाच, ग्रुपमध्ये जास्त माणसं नकोत, अंधार पडायच्या आत बाहेर, आणि अभयारण्याच्या आत मुक्काम खात्याच्या कॅम्पशिवाय कुठंच नको. जेवण गावातल्या घरात, नाचणीची भाकरी आणि आमटी, त्याचे पैसे त्या घरातल्या बाईच्या हातात. जंगलातल्या गावांना बाहेर वसवायचं पण सरकारनं चालवलंय, ज्यांना जायचंय त्यांनी जरूर जावं, दवाखाना आणि शाळा लागतेच की, पण बाहेर आल्यावर त्या पोरांनी गोव्याला हॉटेलात भांडी घासायला जायचं का? ती ज्या जंगलात वाढली तिथलंच काम त्यांना पहिलं मिळायला पाहिजे.

डीसी (जिल्हाधिकारी) साहेब, वन खातं आणि आमदार यांनी यंदाच्या पावसाळ्याआधी निदान कणकुंबी, जांबोटी आणि गवाळी या तीन ठिकाणी हे सुरू करावं, पंचायतीच्या पीडीओंना (विकास अधिकाऱ्यांना) नावं गोळा करायला सांगावं, खानापूरहून हलशीला रविवारी जादा बस सोडावी. आपल्या पेपरनं पण दर आठवड्याला इथल्या एका ठिकाणाची माहिती फोटोसकट छापावी, कसं जायचं, काय बघायचं, काय करू नये एवढं लिहिलं तरी पुष्कळ झालं.

आपला,
एक वाचक, खानापूर तालुका