चिठ्ठीच्या दोन प्रती, पण आईला एकही कागद नाही

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

पेपरला पहिल्यांदाच लिहितेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, चौथीत. त्याला एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष टिकत नाही आणि अंगात सारखी चळवळ. वर्गात पाच मिनिटं बूड टेकवायचा नाही, दप्तरातलं निम्मं सामान रोज शाळेत विसरायचा, बाई वहीत लाल पेनने लिहून लिहून कंटाळल्या. गेल्या वर्षी मिथाइलफेनिडेटची गोळी सुरू झाली आणि खरं सांगते, फायदा झाला. हे आधीच लिहिते, नाहीतर पुढचं वाचून कुणीतरी आपल्या पोराची गोळी बंद करायचं. शुद्धलेखनाचं अख्खं पान त्याने एका बैठकीत संपवलं ते पान मी अजून कपाटात जपून ठेवलंय.

मग डोस दहाचा वीस झाला. आठ-दहा दिवस गेले असतील.

सोलापूरकरांना पाण्याचं काय सांगायचं, चार-पाच दिवसांनी सुटतं आणि आमच्या भागात कधी सुटेल त्याचा नेम नाही. त्या दिवशी रात्री दोनला सुटलं. मी मोटर लावून पिंपं भरत होते, हे कामावर, नाईट शिफ्टला. मागे बघते तर पोरगं मोरीच्या दारात उभं, दोन्ही हात झटकतंय, सारखं झटकतंय, जसं पीठ झटकावं तसं. म्हणलं काय रे. तर म्हणे, "मम्मी, बादलीतले किडे हातावर चढायलेत." बादलीत स्वच्छ पाणी. मी लाइट लावला, बादली ओतून दाखवली (चार दिवसांनी आलेलं पाणी ओतलं, बघा), तरी तो म्हणे आता भिंतीवर गेले. आणि मी काय केलं, तर ओरडले त्याच्यावर. "काही नाहीये तिथं, गुमान झोप." त्याचं तोंड एवढंसं झालं. ते अजून डोळ्यासमोरून जात नाही.

सासूबाई उठल्या. त्यांनी मीठ-मोहरी घेऊन दृष्ट काढली, अंगारा लावला. मी त्यांना अडवलं नाही, अंगाऱ्याने काही बिघडत नाही आणि पोराला आज्जीच्या मांडीवर जरा बरं वाटलं. पण सकाळी शेजारच्या काकू एका बाबाचा नंबर घेऊन आल्या, कोणीतरी करणी केलीय म्हणे, गोळ्या बंद करा आणि अमावस्येला आणा, तेव्हा मात्र मी हात जोडले. आपल्या राज्यात 2013 पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे, तरी असले नंबर घरपोच येतात.

तर त्या रात्री विचारायचं कुणाला? आमचे डॉक्टर पुण्याचे, महिन्यातून एकदा इथं येतात, रात्री अडीचला त्यांचा फोन बंद असणारच, त्यांना दोष नाही. मी 14416 लावला, तो टेली मानसचा, म्हणजे मानसिक त्रासासाठी मदतीचा सरकारी नंबर, फुकट आहे, रात्रीही चालतो, मराठीत बोलतात. त्या ताईंनी विचारलं ताप आहे का, झोप किती झालीय, दुसरं काही औषध दिलंय का, आणि कुणाचा आवाज येतो का, स्वतःला किंवा दुसऱ्याला मार असं कुणी सांगतंय का. शेवटच्या प्रश्नाला माझे हातपाय गार पडले. विचारलं त्याला, तो नाही म्हणाला. मग त्या म्हणाल्या सकाळची गोळी द्यायच्या आधी डॉक्टरांशी बोला, आणि तसा आवाज येतोय म्हणाला किंवा पोरगं ओळख विसरल्यासारखं करायला लागलं, ताप-झटका आला तर वाट न बघता सरळ दवाखाना गाठा.

अजून एक त्यांनी सांगितलं ते मला सगळ्यात उपयोगी पडलं. "तिथं काही नाही" म्हणून वाद घालू नका आणि "हो हो, मलाही दिसतात" असंही म्हणू नका. त्यानंतर मी म्हणायला लागले, "मला नाही दिसत रे राजा, पण तुला भीती वाटतेय ना, मी इथंच बसते." एवढ्यावर तो झोपला, माझं बोट धरून, पहाटे साडेचारला. पिंपं तशीच अर्धी राहिली.

सकाळी डॉक्टरांनी फोन घेतला, गोळी थांबवायला सांगितली. या गोळीचं एकवेळ तसं चालतं, पण डोक्याच्या सगळ्याच गोळ्यांचं तसं नाही हं, फिटच्या गोळ्या एकदम बंद केल्या तर उलट फिट येऊ शकते, म्हणून आपल्या मनाने काहीच करायचं नाही. दोन दिवसांत किडे गेले. शंभर टक्के गोळीमुळेच का, तर डॉक्टर म्हणाले बहुतेक, पण त्या आठवड्यात पाण्यापायी त्याची झोपही नीट नव्हती, आणि झोपेत-जागेपणी मधल्या वेळात लहान मुलांना एरवीसुद्धा असं दिसू शकतं. आता औषध बदललंय. मी वहीत रोज लिहिते, गोळी किती वाजता, झोपला किती वाजता, काही दिसलं-ऐकलं म्हणाला का.

आता मुद्द्याचं. असे भास होऊ शकतात हे माहीत नसलेली गोष्ट नाही. अमेरिकेतल्या एफडीएच्याच, म्हणजे औषधांना परवानगी देणाऱ्या सरकारी खात्याच्या लोकांनी 2009 मध्ये एडीएचडीच्या औषधांच्या 49 ट्रायल (माणसांवरच्या चाचण्या) तपासून लिहिलंय, औषध घेणाऱ्यांची सगळी मिळून 743 वर्षं धरली तर असे 11 प्रकार, आणि तुलनेसाठी औषध नसलेली खोटी गोळी घेणाऱ्यांत एकही नाही. म्हणजे क्वचितच होतं, पण होतं. आणि त्यांच्या त्याच लेखात लिहिलंय की लहान मुलांना जास्त करून काय दिसतं किंवा अंगावर जाणवतं, तर किडे, साप, अळ्या. हे वाचलं तेव्हा मी मोबाईल खाली ठेवला आणि थोडा वेळ नुसती बसून राहिले. म्हणजे माझ्या मोरीतले किडे जगाला आधीच माहीत होते, फक्त मला माहीत नव्हते.

ही मिथाइलफेनिडेटची गोळी शेड्युल एक्समध्ये, म्हणजे विक्रीचे कडक नियम असलेल्या औषधांच्या सरकारी यादीत येते. दुकानदाराला चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक तो दोन वर्षं जपून ठेवतो. इतका कडक कारभार. आणि माझ्या हातात काय आलं? कात्रीने कापलेली स्ट्रिप. खोक्यातला माहितीचा कागद दुकानातच राहिला, आणि मिळाला असता तरी इंग्रजीत, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात. ओपीडीत मागे पन्नास पेशंट असतात हे मान्य, पण "काही दिसतंय, ऐकू येतंय म्हणाला तर घाबरू नका, लगेच फोन करा" एवढं एक वाक्य सांगायला किती वेळ लागतो हो? आणि दुकानदाराने मराठीत चार ओळींची चिठ्ठी गोळीसोबत दिली तर त्याचं काय जातंय? शेंगाचटणीच्या पाकिटावरसुद्धा काय काय घातलंय ते लिहिलेलं असतं.

असा त्रास झाला तर तो कळवताही येतो, हे मला डॉक्टरांनी त्याचा फॉर्म भरला तेव्हा कळलं. 1800-180-3024 हा औषधांच्या दुष्परिणामांचा सरकारी टोल फ्री नंबर, कामाच्या दिवशी ऑफिसच्या वेळात चालतो, तिथं डॉक्टरच नाही तर आपणही सांगू शकतो. हे दोन्ही नंबर तुम्ही आरोग्याच्या पानावर कायम एका कोपऱ्यात छापावेत ही विनंती. आणि रागावणार नसाल तर अजून एक, तुमच्याच पेपरात मागच्या पानावर वशीकरणवाल्यांच्या छोट्या जाहिराती येतात त्याचंही जरा बघा.

पोराचं म्हणाल तर तो आता तापाची गोळीसुद्धा आधी हातात घेऊन उलटसुलट करून बघतो आणि विचारतो, "ह्यात किडे नाहीत ना?" मी म्हणते, मला माहीत आहे तेवढं सगळं तुला आधी सांगीन. मग घेतो.

कृपया माझं नाव छापू नका, त्याच्या वर्गातल्या मुलांच्या घरी तुमचा पेपर येतो.

आपली,
एक आई, जुळे सोलापूर