शेगडी पेटवायला पेट्रोल कशाला लागतं?

मा. संपादक,
स.न.

थंडी पडली की गच्चीगच्चीवर बार्बेक्यू सुरू होतात, ३१ डिसेंबरला तर विचारूच नका. पार्टीबद्दल माझी काहीच तक्रार नाही, पण कोळसा पेटवायला लोकं सर्रास पेट्रोल, थिनर, अगदी सॅनिटायझरसुद्धा ओततात त्याबद्दल लिहितेय. पूर्वी घरात रॉकेल असायचं, ते रेशनवरून गेलं आणि आता सरळ बाईकमधून बाटलीत पेट्रोल काढतात. पण पेट्रोल म्हणजे रॉकेल नव्हे हो, त्याची वाफ थंडीतसुद्धा होते, हवेपेक्षा जड असल्यामुळे खाली फरशीवर पसरते आणि काडी ओढायच्या आधी तुमच्या पायापाशी आलेली असते.

गेल्या वर्षी आमच्याच गच्चीवर माझ्या भाच्याने कोळसा विझला असं समजून परत बाटली तिरकी केली, आत एखादा निखारा जिवंत होता, जाळ धारेवरून वर चढत बाटलीपर्यंत आला आणि कोपरापर्यंत हात भाजला. कुणी टूथपेस्ट घेऊन धावलं कुणी हळद, मी त्याचा हात नळाखाली धरला तो २० मिनिटं सोडलाच नाही आणि मग दवाखान्यात नेलं. आजही त्याचं ओरडणं आठवलं की पोटात गोळा येतो.

आणि हे सगळं कशासाठी, तर पाच मिनिटं वाचवायला! कोळसा पेटत नाही कारण एकतर तो दमट असतो (पावसाळ्यात पोतं भिजलेलं असतं, आधी दोन दिवस उन्हात टाका) नाहीतर आपण तो ट्रेभर पसरून ठेवतो. ढीग करायचा, खाली नारळाच्या शेंड्या, करवंटीचे तुकडे, गोवरीचा तुकडा, मध्ये कापराच्या दोन वड्या आणि पुठ्ठ्याने वारा घालायचा. कणीसवाला रोज हातपंख्यावरच निखारे फुलवतो ना, आणि हुरड्याची आगटी गोवऱ्यांवरच पेटते, तिथे पेट्रोल कुणी नेतं का?

सगळ्यात सोपा म्हणजे डबा. तेलाचा पत्र्याचा रिकामा डबा दोन्ही बाजूंनी कापायचा, खालून चार बोटांवर आडव्या सळ्या घालायच्या, सळ्यांच्या खाली चहूबाजूंनी भोकं पाडायची. खाली चुरगळलेला पेपर, वर कोळसा भरायचा, पेपर पेटवला की गरम हवा वर जाते आणि भोकांतून ताजी हवा आपोआप ओढली जाते, वारासुद्धा घालावा लागत नाही. १५-२० मिनिटांत वरच्या कोळशांवर पांढरी राख धरते, मग जाड हातमोजे घालून शेगडीत ओतायचे. फक्त जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा घेऊ नका, तापला की त्याचा धूर बाधतो, आणि नवा डबा पहिल्यांदा उघड्यावर रिकामाच तापवून घ्या म्हणजे वरचा रंग जळून जाईल. हँडल नसेल तर दोन पक्कडी लागतात, एकट्याने उचलायचा प्रयत्न करू नका.

अजून एक, पार्टी संपल्यावर गारठा वाजतो म्हणून तीच शेगडी खोलीत आणून दारं लावून झोपतात, ते तर कधीच करू नका. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नाही, झोपेतला माणूस जागाच होत नाही. राखेतही दुसऱ्या दिवशीपर्यंत धग असते, कचऱ्याच्या डब्यात टाकण्याआधी पाणी ओतून हलवून घ्या.

हे पत्र ३१ तारखेच्या आत छापलंत तर फार बरं होईल.

आपली,
एक वाचक, सातारा