लिंकला हात लावला म्हणून पैसे जात नसतात

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या पेपरात आठ दिवसाआड 'लिंकवर क्लिक करताच खाते रिकामे' अशी बातमी असते. माझं औशात मोबाईल रिपेरिंगचं छोटं दुकान आहे, बातमी वाचून लोकं येतात अन् विचारतात, भाऊ, क्लिक केलं की डायरेक्ट पैसे जातेत का? बहुतेक वेळा मधी अजून दोन-तीन पायऱ्या असतात आणि नेमक्या त्याच तुमच्या बातमीत नसतात.

आमच्या भावकीतल्या एका तात्यांचंच सांगतो. लातूरच्या मोंढ्यात सोयाबीन घातलेलं, पट्टीचे पैसे खात्यावर होते. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'पीएम किसान' नावाची फाईल आली, नावाच्या शेवटी डॉट एपीके, म्हणजे दाबलं की फोनात ॲप बसवणारी फाईल. पाठवणारा गावातलाच पोरगा, त्याचा फोन आदल्या दिवशी असाच हॅक झालेला अन् त्याला पत्ताच नाही. आता 'अनोळखी नंबरवर विश्वास ठेवू नका' कितीबी सांगा, इथं नंबर ओळखीचाच होता की.

तात्यांनी फाईल दाबली तर फोननंच अडवलं, इंग्रजीत काहीतरी इशारा आला. नातू म्हणला ओके दाबा. मग ॲपनं मेसेज वाचायची परमिशन मागितली, तीबी दिली, अन् हप्त्यासाठी म्हणून कार्डाचा नंबर भरला. पीएम किसानचे २००० रुपये थेट खात्यावर पडतात, त्याला व्हॉट्सॲपवरची फाईल कशाला लागती? पण तेव्हा कुणाच्या डोक्यात येतंय. त्यानंतर बँकेचा ओटीपी यायचा तात्यांच्या फोनवर अन् वाचायचा भलताच. रात्रीतून ४८ हजार गेले.

तात्या तीन दिवस घरात कुणाला बोलले नाहीत, लोकं हसतील म्हणून. १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाईनवर लगेच फोन केला तर पैसे पुढच्या खात्यात अडवता येतात, तीन दिवसांनी काय राहतंय. आणि चूक आपलीच असली तरी कळवावंच, कारण रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकात लिहिलंय की बँकेला कळवल्यानंतर जे नुकसान होईल ते बँकेनं सोसायचं. हे किती जणांना माहितीय? आधी आपला डाटा-वायफाय बंद करायचा अन् फोन दुसऱ्याच्या मोबाईलवरून लावायचा, हे तर कुणीच सांगत नाही.

तेव्हा एक विनंती, बातमीत 'लालसेपोटी' लिहायचं बंद करा, त्या शब्दानंच माणसं गप बसतात. त्यापेक्षा ती फाईल मोबाईलवर कशी दिसती, कुठं परमिशन मागती, त्याचा फोटो मोठा छापा.

कालच दुकानात एक मावशी आल्या, तसलीच फाईल, फक्त नाव 'आरटीओ चलन'. मावशींकडं साधी लुना पण नाही, तरी म्हणत होत्या, भाऊ, दंड किती झालाय तेवढं उघडून बघ.

- एक वाचक, औसा (जि. लातूर)