भरतीची वेळ वर्षभर आधी ठाऊक असते, मग सूचना उशिरा का?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

समुद्रकिनाऱ्यावर वसलेल्या शहरांविषयी वृत्तपत्रांत जे छापून येते, त्यातले बरेचसे दोनच प्रकारचे असते. हंगामात किनाऱ्यावर गर्दी किती झाली हा एक प्रकार, आणि वादळ येऊन गेल्यावर किती झाडे पडली व किती घरांत पाणी शिरले हा दुसरा. जो माणूस बाराही महिने तिथे राहतो, घरपट्टी भरतो आणि हंगाम संपल्यावरही तिथेच असतो, त्याला नगरपालिकेकडून काय कळायला हवे आणि कधी कळायला हवे, हा विषय फारसा कोणी हाती घेत नाही. किनारी शहरात वेळेवर दिलेली माहिती ही पाणीपुरवठ्याइतकीच नगरपालिकेची सेवा मानली जावी, तिच्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद असावी आणि ती चुकली तर जाब विचारता यावा, एवढेच मला या पत्रातून म्हणायचे आहे.

किनाऱ्यावरच्या कारभाराला निसर्गाने एक सोय करून दिली आहे. भरती-ओहोटीचे कोष्टक वर्षभर आधी तयार असते. भरती रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते, अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण येते, अष्टमीच्या आसपास भांगाची, म्हणजे कमी चढणारी, भरती असते, हे समुद्राकाठी वाढलेल्या पोरालाही शिकवावे लागत नाही. आता पावसाळी गटारांचा विचार करावा. त्यांची तोंडे समुद्राकडे किंवा खाडीकडे उघडतात, आणि भरतीचे पाणी त्या तोंडापर्यंत चढले की आतले पाणी बाहेर पडू शकत नाही. झडप बसवलेली असली तरी ती समुद्राला आत येऊ देत नाही इतकेच, साचलेल्या पावसाला वाट मिळत नाही ती नाहीच. त्यामुळे ओहोटीच्या वेळी पडलेला जो पाऊस थोड्या वेळात ओसरून जातो, तोच उधाणाच्या भरतीला पडला तर सखल रस्ते बुडवतो. वाऱ्याचा जोर आणि हवेचा दाब यांनी प्रत्यक्ष पातळी कोष्टकापेक्षा वरखाली होते हे खरे (दाब एक मिलिबारने उतरला की समुद्र साधारण एक सेंटिमीटर चढतो), तरी पावसाचा अंदाज दोन-तीन दिवस आधी आणि भरतीची वेळ वर्षभर आधी हाताशी असताना, कोणत्या दिवशी किती ते किती वाजेपर्यंत कोणते रस्ते टाळावेत हे आदल्या संध्याकाळी सांगणे अवघड नाही. प्रत्यक्षात मात्र ‘सखल भागातील नागरिकांनी दक्षता घ्यावी’ असे एक वाक्य प्रसिद्ध होते. दक्षता घ्यावी म्हणजे नेमके काय करावे, गाडी कुठे लावावी, अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाला कधी हलवावे, हे त्या वाक्यातून कळत नाही. आपण सूचना दिली होती एवढी नोंद तेवढी कार्यालयाच्या दप्तरी राहते.

पाण्याच्या तपासणीची गोष्ट याहून नाजूक आहे. समुद्रस्नानाच्या जागी पाण्यात ई. कोलाय आणि एन्टेरोकोकस हे जिवाणू किती आहेत यावरून ते पाणी सुरक्षित आहे की नाही ते ठरवले जाते. नेहमीच्या पद्धतीने प्रयोगशाळेत हे जिवाणू वाढवून मोजायला एक ते दोन दिवस लागतात. म्हणजे फलकावर आज लिहिलेला निकाल फार तर कालच्या किंवा परवाच्या पाण्याचा असतो, आणि मधल्या काळात जोराचा पाऊस होऊन सांडपाणी वाहून आले असेल तर त्या निकालाला अर्थ उरत नाही. म्हणूनच मोठ्या पावसानंतर निदान एक-दोन दिवस पाण्यात उतरू नये असा सल्ला जगभर दिला जातो. फलकावर निकालाच्या शेजारी नमुना घेतल्याची तारीख व वेळ लिहिली, तर वाचणाऱ्याला स्वतःच अंदाज बांधता येईल. युरोपीय संघाच्या 2006 च्या निर्देशानुसार स्नानाच्या प्रत्येक जागेची उत्कृष्ट, चांगली, पुरेशी किंवा निकृष्ट अशी वर्गवारी करून ती त्या जागेजवळच लावावी लागते, आणि सलग पाच वर्षे निकृष्ट ठरलेल्या जागी स्नानाला कायमची बंदी घालावी लागते किंवा तिथे स्नान न करण्याचा कायमचा सल्ला द्यावा लागतो. ‘ब्लू फ्लॅग’ हा स्वच्छ व सुरक्षित किनाऱ्यांना दिला जाणारा आंतरराष्ट्रीय मानाचा झेंडा मिळालेल्या किनाऱ्यांनाही पाण्याचे निकाल लोकांसमोर मांडावे लागतात, आणि तो झेंडा एकाच हंगामापुरता असतो, हे मुद्दाम सांगायला हवे. एकदा मिळालेल्या झेंड्याचे छायाचित्र नगरपालिकेच्या दालनात वर्षानुवर्षे टांगलेले असू शकते, पण त्यावरून आजच्या पाण्याविषयी काहीच सिद्ध होत नाही.

हा सगळा तपशील पर्यटकांच्या कामाचा नाही का, असे कोणी विचारील. आहेच, पण पर्यटक दोन दिवसांनी निघून जातो, आणि रोज पहाटे पोहायला जाणारा, मुलांना वाळूत खेळायला नेणारा रहिवासी त्याच पाण्यापाशी राहतो. जीवरक्षकांच्या झेंड्यांचेही असेच आहे. लाल-पिवळा झेंडा म्हणजे देखरेखीखालचा भाग आणि दोन लाल झेंडे म्हणजे पाणी बंद, हे पाहुण्यांना समजावून सांगितले जाते. हंगाम संपल्यावर मनोरे रिकामे होतात आणि झेंडे उतरतात, ते नेमक्या कोणत्या तारखेला, हे स्थानिकांना कोणी सांगत नाही. शौचालये, बसच्या फेऱ्या, दवाखान्याच्या वेळा, कचरागाडीचे दिवस, सगळेच त्या सुमारास आकसते.

विहिरींचा प्रश्न डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तो जास्त घातक आहे. किनाऱ्याजवळ जमिनीखाली गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते, आणि सर्वसाधारण हिशोब असा की गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीपेक्षा एक मीटर उंच असेल तर त्याखाली सुमारे 40 मीटर गोडे पाणी टिकते. उपसा करून ती पातळी थोडी जरी उतरवली तरी खालून खारे पाणी त्याच्या कित्येक पट वर चढते. हंगामात लोकसंख्या फुगली की नेमका उपसा वाढतो. एकदा खारावलेली विहीर पुन्हा गोडी व्हायला वर्षे लागतात, म्हणून विहिरींच्या क्षारतेचे मासिक आकडे प्रभागवार प्रसिद्ध होणे आवश्यक आहे. पाणी मचूळ लागू लागल्याचे आधी रहिवाशाच्या जिभेला कळावे आणि मग कार्यालयाला, हा क्रम उलटा व्हायला हवा.

जाहीर सुनावण्यांबद्दल थोडे स्पष्ट लिहितो. धूपप्रतिबंधक बंधारा, किनाऱ्यावर बाहेरून आणून टाकायची वाळू, बांधकामाची मागे सरकवलेली रेषा, हे निर्णय पुढच्या कित्येक दशकांचे असतात. बंधारा घातल्यावर त्याच्या पलीकडच्या किनाऱ्याची वाळू अनेकदा जास्त झिजते, म्हणजे एका आळीचे संरक्षण दुसऱ्या आळीला महागात पडू शकते. स्पेनमध्ये 1988 च्या किनारा कायद्यानंतर सार्वजनिक किनाऱ्याची हद्द आखली गेली, तेव्हा अनेकांना आपले घर त्या हद्दीच्या आत असल्याचे आढळले. इतक्या गंभीर विषयावरची सुनावणी ऐन हंगामात, कामाच्या दिवशी, सकाळी अकरा वाजता ठेवली आणि नकाशा कार्यालयात येऊन पाहावा असे कळवले, तर नियम पाळला जातो, पण माणसे येत नाहीत. नकाशा आधी प्रत्येक प्रभागात लावावा, सुनावणी हंगामाबाहेर आणि संध्याकाळी घ्यावी, आणि आलेल्या हरकतींचे काय झाले ते लेखी जाहीर करावे.

माहिती वेळेवर नसली की तिची जागा अफवा घेते. मोबाइलवर फिरणारा ‘आज रात्री मोठी लाट’ असा संदेश खोटा आहे, हे सांगणारा अधिकृत संदेश त्याच रात्री यायला हवा. तो दुसऱ्या दिवशी दुपारी येऊन उपयोग नाही. खरी लाट आली तर काय करायचे याची तयारीही कागदावर नव्हे, माणसांच्या अंगवळणी पडलेली हवी. ओडिशातील व्यंकटरायपूर आणि नोलियासाही या दोन गावांना 2020 मध्ये युनेस्कोच्या समुद्रविज्ञान आयोगाने ‘त्सुनामीसज्ज’ म्हणून मान्यता दिली. अशा मान्यतेसाठी सुटकेच्या वाटांचे नकाशे, दिशादर्शक फलक आणि लोकांच्या प्रत्यक्ष सहभागाने होणारे सराव लागतात. दोन छोट्या गावांना जे जमले, ते मोठे अंदाजपत्रक असलेल्या नगरपालिकांना जमू नये असे मला वाटत नाही.

आपल्या वृत्तपत्रालाही एक विनंती आहे. किनारी आवृत्त्यांमध्ये भरती-ओहोटीच्या वेळा, पाण्याच्या ताज्या तपासणीचा निकाल नमुन्याच्या तारखेसह, त्या आठवड्यात बंद राहणाऱ्या सेवा आणि येत्या सुनावण्या, एवढ्यांसाठी रोज एका ठरावीक कोपऱ्यात जागा द्यावी. ज्या दिवशी नगरपालिकेकडून माहिती आली नसेल, त्या दिवशी तो कोपरा दुसऱ्या मजकुराने भरू नये. ‘माहिती प्राप्त नाही’ एवढेच छापावे.

आपला,
समुद्राकाठचा एक रहिवासी