तो माणूस माझ्यावर बसला नव्हता

ती. आई-बाबांना नमस्कार,

पत्र सगळं वाचा, मग फोन करा. अर्धं वाचून करू नका. फोनवर मी बोलायला लागले की आई रडायला लागते, बाबा फोन पिंट्याकडे देतात आणि तो गाढव नुसता हसतो, म्हणून लिहूनच पाठवतेय. आजीला पिंट्या वाचून दाखवेल, शेवटचा पैशाचा भाग सोडून.

पहिली गोष्ट, मी बरी आहे. आज उणे १४ आहे पण घरात हीटर आहे, कानटोपी घालते, जेवते. नोकरी आहे. सोडलेली नाही, काढलेलं नाही, मागच्याच महिन्यात रिव्ह्यू झाला आणि चांगला झाला. हे मी आता पाचव्यांदा सांगतेय.

दुसरी गोष्ट, पिंट्याने फॅमिली ग्रुपवर टाकलेला माझ्या नाटकाच्या क्लासच्या शोचा व्हिडिओ. तो माणूस माझ्यावर बसला नव्हता. बसल्यासारखं करत होता, माझ्या गुडघ्यांपासून चांगला वीतभर वर, सगळा भार स्वतःच्या पायांवर, दुसऱ्या दिवशी बिचाऱ्याच्या पोटऱ्या धरल्या होत्या. आणि मी पोटात दुखल्यासारखी वाकून उभी नव्हते, मी खुर्ची झाले होते. खाली मावशीने "ह्याच्यासाठी गेली का अमेरिकेला" लिहिलंय ते वाचलं मी. थंब्स अप दिला नाही एवढंच.

आता खुर्ची का, ते नीट सांगते, नाहीतर काहीच कळणार नाही. शिकागोत सगळ्यांना गॅरेज नसतं, गाड्या रस्त्याच्या कडेलाच लावतात. रात्रीत फूटभर बर्फ पडला की गाडी गाडली जाते. मग सकाळी उठून फावड्याने उपसायचं, तास-दीड तास जातो, कंबर मोडते, तेव्हा कुठे गाडी बाहेर निघते. आता एवढं करून तुम्ही कामाला गेलात की ती साफ केलेली जागा दुसरा कोणीतरी आयती घेणार ना? म्हणून लोक त्या जागेत घरातली एखादी मोडकी खुर्ची आणून ठेवतात. म्हणजे ही जागा माझी, मी उपसलीय. खुर्चीच असं नाही, इस्त्रीचं टेबल, बादली, पोरांची तीनचाकी, काहीही. ह्याला 'डिब्स' म्हणतात. कायद्यात बसत नाही, रस्ता काय कोणाच्या बापाचा नाही, पण त्या खुर्चीला कोणी हात लावत नाही. चांगले शिकलेले, सुटाबुटातले लोक, गाडी लावायला जागा शोधत चार फेऱ्या मारतील पण खुर्ची उचलणार नाहीत. उचललीच तर तुमच्या गाडीवर रात्री पाणी ओतून ठेवतात म्हणे, सकाळी अख्ख्या गाडीचा बर्फाचा गोळा. बाबा, एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतात ना, अगदी तेच. फक्त आपल्याकडे रुमालावरून तोंडाने भांडतात, इथे मुकाट्याने सूड घेतात. खालच्या मजल्यावरचे म्हातारे आहेत ते दर वेळी बर्फ पडला की १९६७ ची गोष्ट काढतात, त्या जानेवारीत इथे एका दमात २३ इंच पडला होता, अजून तो रेकॉर्ड मोडलेला नाही, आणि मग मला त्यांचीही जागा उपसून द्यावी लागते.

तर शोमध्ये प्रेक्षकांतून शब्द आला 'बर्फ'. त्यावरून एकाने ही जागा धरायची भानगड काढली आणि त्याला खुर्ची हवी होती. खऱ्या खुर्च्या होत्या स्टेजवर, दोन. पण मीच गेले. का गेले माहीत नाही. विचार केला असता तर गेलेच नसते, आणि खरं सांगायचं तर क्लासमध्ये तेवढंच शिकवतात.

तुम्हाला वाटतंय नाटकाचा क्लास म्हणजे पाठांतर, तालीम, ते काही नाही. इम्प्रोव्ह म्हणजे हातात कागदच नसतो. लोकांकडून एक शब्द घ्यायचा आणि त्यावर अर्धा तास तिथल्या तिथे उभा करायचा. आम्ही करतो त्या प्रकाराला 'हॅरॉल्ड' म्हणतात, माणसाचं नाव आहे, गंमत म्हणून कोणीतरी ठेवलं ते चिकटलं. आधी एकमेकांशी संबंध नसलेले तीन प्रसंग, मग सगळ्यांनी मिळून एखादा खेळ, परत तेच तीन प्रसंग पुढे सरकलेले, असं करत करत शेवटी सगळे धागे एकात एक अडकतात. अडकले तर. आमचे मागच्या वेळी अडकले नाहीत, एक बाई लिफ्टमध्ये तशीच राहिली.

नियम एकच सांगतात, समोरच्याने जे म्हटलं ते खरं मानायचं आणि त्यात आपलं काहीतरी घालायचं. तो म्हणाला "डॉक्टर, माझा हात बघा", तर तू डॉक्टर. मी डॉक्टर नाही म्हटलंस की संपलं, सगळं खाली पडतं. आणि आई, आता तू काय म्हणणार आहेस ते मला माहितीये, सगळ्याला हो म्हणायला शिकलीस तर स्थळाला पण म्हण. म्हणून आधीच सांगते, त्याने म्हटलेलं *खरं* मानायचं असतं, म्हटलेलं *करायचं* नसतं. डॉक्टर होऊन "नाही बघत जा" म्हणता येतं. फरक आहे.

क्लास रात्री साडेनऊला सुटतो. हो, उशिरा. ब्राऊन लाईनच्या ट्रेनने येते आणि स्टेशनपर्यंत माझ्याबरोबर एक ६१ वर्षांच्या रिटायर्ड नर्स असतात, त्या पण शिकतात. क्लासमध्ये एक वकील आहे, एक बसड्रायव्हर आहे, सगळे काही हिरो व्हायला आलेले नाहीत. मी पण नाही. स्टेजवर जायचे पैसे मला माझ्या व्हिसावर घेताच येत नाहीत, आणि कोणी देतही नाहीये, त्यामुळे त्या बाजूने काळजी नको.

हे इम्प्रोव्ह सगळं ह्याच गावात सुरू झालं. व्हायोला स्पोलिन म्हणून बाई होत्या, आईबाप रशियातून आलेले. इथे हल हाऊस म्हणून बाहेरून येऊन राहिलेल्या गरीब लोकांसाठी संस्था होती, तिथे नीव्हा बॉइड नावाच्या बाईंकडे त्या खेळ शिकवायला शिकल्या. पुढे मंदीच्या काळात सरकारी योजनेत त्यांना नाटकाचं काम मिळालं, आणि समोर कोण तर देशोदेशीची पोरं, एकाची भाषा दुसऱ्याला येत नाही. त्यांना बसून अभिनय काय समजावणार? म्हणून त्यांनी खेळ काढले, खेळता खेळता जमेल असे. त्यांच्या मुलाने, पॉल सिल्सने, तेच खेळ मोठ्या नटांना लावले आणि १९५९ मध्ये दोघा साथीदारांबरोबर सेकंड सिटी नावाचं थिएटर काढलं, ते अजून जोरात चालू आहे. हल हाऊसचं म्युझियम आहे, मी एकदा जाऊन आले. बाकीच्या इमारती युनिव्हर्सिटीसाठी पाडल्या, थोडंच उरलंय.

ते खेळ आम्ही अजून खेळतो. एक आरशाचा आहे, दोघं समोरासमोर, एक हलेल तसं दुसऱ्याने हलायचं, मग मध्येच सर ओरडतात "बदला", आणि शेवटी कोण कोणाची नक्कल करतंय हेच कळेनासं होतं. एक नसलेल्या वस्तूंचा. मला स्वयंपाकघर दिलं, मी घावणे काढले. बिडाच्या तव्याला अर्ध्या कांद्याने तेल लावलं, पीठ ओतलं, झाकण ठेवलं. आणि सर बाजूने ओरडतात, ते प्रसंग थांबवत नाहीत, चालू असतानाच ओरडतात, "झाकण गरम नाहीये का?" आई, तू कशी पदराने उचलतेस ना झाकण, माझा हात आपोआप पदराकडे गेला. अंगात जीन्स होती.

आणि एक खेळ आहे त्यात एकाने काहीतरी अगम्य, कुठलीच नसलेली भाषा बोलायची आणि दुसऱ्याने तिचं इंग्लिश करून सांगायचं. माझा नंबर आला तेव्हा मला काही सुचेचना. नुसतं गडगड बडबड करायची पण जीभ वळेना. मग मी सरळ मालवणी सुरू केली. म्हटलं, "बाबांनू, तुमचो पाय कसो आसा आता? माका येवक जमला नाय. रागावू नको हां." हे का तोंडात आलं कोण जाणे, ऑपरेशनला तीन आठवडे झाले होते तेव्हा. शेजारचा वकील एकदम गंभीर चेहरा करून म्हणाला, "मॅडम सांगतायत की मांजराचा विमा काढायचा राहून गेला." हॉल फुटला. मी पण हसले, हसावंच लागतं, त्याने म्हटलं ते खरं. नंतर सर म्हणाले की तुझी खोटी भाषा सगळ्यांत खरी वाटली. ती खरीच आहे हे मी त्यांना सांगितलंच नाही.

आता आजोची गोष्ट. आई, मला माहितीये तुला आवडत नाही हा विषय. घरात दशावतार म्हटलं की बाबा पेपर उघडायचे आणि तू आत जायचीस. मी दहावीपर्यंत मैत्रिणींना आजो शेती करतात म्हणून सांगायचे. ते खोटं नव्हतंच, पावसात करायचेच. पण क्लासमध्ये सरांनी विचारलं की तुमच्याकडे असं काही असतं का, तर मी सांगितलं, कोकणात जत्रेला रात्रभर चालतो, आख्यान ठरलेलं असतं पण बोलणं ठरलेलं नसतं, लिहिलेलं काहीच नाही, मागे एक पडदा, पुढे एक बाक, तेच सिंहासन, तोच डोंगर. आणि माझा आजो त्यात बायकांची कामं करायचा. मग मी ती कुत्र्याची गोष्ट सांगितली. तूच एकदा सांगितली होतीस, लाईट गेली होती तेव्हा, नंतर परत कधी नाही. हरिश्चंद्राचं आख्यान, स्मशानातला प्रसंग, आजो तारामती, आणि स्टेजवर गावातलं कुत्रं चढलं. लोक हसायला लागले, पेटीवाला थांबला. आणि आजो त्या कुत्र्याजवळ खाली बसला, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "ह्या मुक्या जिवाने मला ओळखलं, महाराज, तुम्ही नाही ओळखलंत?" आणि तू म्हणाली होतीस की पहिल्या रांगेतल्या बायका रडल्या.

वर्गात कोणी हसलं नाही. सरांनी विचारलं, ते कुठे शिकले. मी म्हटलं, कुठे नाही, पेटारा उचलत उचलत. इथे शोच्या आधी सगळे एकमेकांच्या पाठीवर थाप मारून "मी आहे" अशा अर्थाचं काहीतरी पुटपुटतात. मी थाप मारते, आणि मनात आपला गणपती म्हणून घेते, पेटाऱ्याची पूजा करायचे तसं. कोणाला कळत नाही.

बरं, आता पैशाचं. पिंट्या, इथे थांब.

डिसेंबरमध्ये २५ हजार कमी आले ते बँकेमुळे नाही. मी बँकेमुळे म्हटलं होतं. ती क्लासची फी होती, ८ आठवड्यांची. आजोला रात्रीचे किती मिळायचे ते मला माहीत नाही आणि आता विचारायची हिंमत नाही. पडवीचं काम पावसाच्या आधी करायचंच आहे ना, तर फेब्रुवारीत आणि मार्चमध्ये दोन हप्त्यांत जास्तीचे पाठवते, सुताराला ॲडव्हान्स देऊन टाका, पत्रे नको, कौलंच ठेवा. पुढची लेव्हल मी आत्ता करत नाहीये. म्हणजे उन्हाळ्यात बघू.

आणि बाबा, नोव्हेंबरमध्ये तिकीट महाग होतं हे खरं आहे. सुट्टी मिळत नव्हती हे पूर्ण खरं नाही. व्हिसाच्या स्टॅम्पिंगची भीती होती, परत येता आलं नाही तर, हे होतंच, पण मागितली असती तर दहा दिवस मिळाले असते. फिजिओवाला येतो ना अजून? त्याला बुडवू नका, सकाळचा जिना करा. गोळ्या जेवणानंतर.

डॅलसवाल्याशी बोलले. एकदा नाही, तीनदा, तुम्हाला एकदाच सांगितलं. बरा आहे. सावंतवाडीचे लोक तसे बरेच असतात. मी क्लासचं सांगितलं तर म्हणाला पण त्याचा उपयोग काय, आणि मला उत्तर देता आलं नाही, दोन मिनिटं नुसतं नेटवर्क गेल्यासारखं केलं. मग त्याने स्वतःच मेसेज केला की एप्रिलमध्ये ऑफिसच्या कामाला शिकागोला येतोय, शो असेल तर बघेन. भेटणार आहे. हो म्हटलेलं नाही. नाही पण म्हटलेलं नाही. मावशीला सांगू नका, आणि व्हिडिओ त्याला आधीच कोणी पाठवला असेल तर मला सांगा, म्हणजे मी तशी तयारीने जाते.

मे महिन्यात यायचं बघतेय. नक्की धरू नका, आजीला तर सांगूच नका, ती आंबे मोजून ठेवते.

आई, एक विचारायचं होतं. कुत्र्याचं झालं, पण आजो कधी बोलताना अडकायचा का? पुढचं काहीच सुचत नाहीये असं? तेव्हा काय करायचा? रविवारी फोन केलास की सांग. बाबा बाहेर गेले असताना केलास तरी चालेल.

तुमची,
बाय