कोरीव फुलांचं पत्र, खानापूरहून

खानापूर, जि. बेळगाव

प्रिय बाळू,

सप्रेम नमस्कार. तुझ्या तांबड्या मातीच्या वाटीचा फोटो मिळाला. पांढरा लेप कोरून काढलेलं कमळ झकास जमलंय, पण लेपाचे टवके उडालेत ते का, हे विचारलंयस ना? भांडं वाळून फिकट पडल्यावर लेप दिलास, दुसरं काही नाही. माती तोवर आकसून बसलेली असते. लेप मागाहून एकटाच आकसतो आणि सुटतो. नखानं रेघ उमटावी पण बोट दाबलं तर खड्डा पडू नये, इतपत भांडं घट्ट झालं की लगेच लेप दे. चैत्रातल्या वाऱ्यात ही वेळ हां हां म्हणता निघून जाते, आणि तीही एकाच बाजूनं. म्हणून भांडं फिरवत राहा आणि काठाला ओलं फडकं गुंडाळ. पावसाळ्यात उलट, आमच्याकडं माती दोन-दोन दिवस सुकायचं नाव घेत नाही.

लेपाचं प्रमाण कोरड्या वजनावर धर: चायना क्ले (पांढरी माती) ३५, बॉल क्ले (चिकट माती) ३५, फ्रिट (दळलेली काच) १५, क्वार्ट्झ (गारेची पूड) १५. रात्रभर भिजवून ८० नंबरच्या चाळणीतून गाळ. घट्टपणा दुधावरच्या पातळ सायीइतका. रुंद मऊ ब्रशनं दोन-तीन हात दे, आधीच्या हाताची चकाकी गेली की पुढचा. सगळा मिळून एक मिलिमीटरच्या आतच ठेव. वाटी पातळ असेल तर एका दमात तिन्ही हात देऊ नको. लेपातलं पाणी पिऊन काठ बसतो.

आता कोरणं, म्हणजे लेप खरवडून खालची तांबडी माती उघडी करणं. बोटाला लेप लागेनासा झाला की सुरू कर. छत्रीच्या काडीचं टोक घासून घे, मोठा भाग खरवडायला हॅकसॉ ब्लेडचा तुकडा. ओलं असताना कोरलंस तर रेघेच्या दोन्ही कडांना माती उभी राहते. ती तेव्हाच पुसायला गेलास तर पांढरं-तांबडं एकमेकांत मिसळून रेघ गढूळ होते. राहू दे तशीच, सुकल्यावर कोरड्या ब्रशनं झाड. फुंकर मात्र मारू नको, त्या धुळीत फुप्फुसाला घातक सिलिका असते. मास्क लाव. आणि फारच सुकलं असेल तर रेघेची कड तुटक येते, तिथं कितीही हात सफाईदार असला तरी उपयोग नाही.

फुलाचं म्हणशील तर आठ पाकळ्यांसाठी भांड्याभोवती कागदाची पट्टी गुंडाळ, जुळेल तिथं काप आणि तीनदा दुमड. घड्यांवर पेन्सिलीनं खुणा कर, भट्टीत त्या जळून जातात. पाकळीचं टोक पूर्ण मिटवू नको, केसभर उघडं ठेव. दोन रेघा अरुंद कोनात मिळाल्या की मधली लेपाची चिमटी हमखास उडते. म्हणूनच छोट्या वाटीवर शेवंती घेऊ नये असं माझं मत आहे. कमळ किंवा जास्वंद घे, फूल पांढरं ठेव आणि भोवतालची जमीन खरवडून तांबडी काढ. चीनमध्ये सोंग काळातल्या (९६०–१२७९) त्सीझोऊ भांड्यांवरची पिओनीची फुलं पुष्कळदा अशीच उठवलेली आहेत.

चोर्ल्याचा घाट उतरलास की गोव्यातल्या जुन्या देवळांवरचं कावीकाम बघ. तिथं रंग उलटे: खाली चुन्याचा पांढरा गिलावा, वर काव (तांबडी माती) कालवलेल्या चुन्याचा पातळ थर, आणि तो ओला असतानाच खरवडून खालचा पांढरा वर काढायचा. गोल फुलं कंपासानं आखतात. थर वाळायच्या आत कोरून होईल तेवढाच भाग एका वेळी लिंपतात. तूही एका वेळी चार वाट्यांनाच लेप दे, बारांना देऊन बसू नको.

भट्टी २०० अंशांपर्यंत अगदी सावकाश, दार किंचित उघडं ठेवून. ५७० च्या आसपास, चढताना आणि उतरतानाही, घाई नको. पहिली भाजणी ९५० ला पुरे. वर पारदर्शक ग्लेझ, म्हणजे काचेसारखा चकचकीत थर, पातळच दे. जाड झालं की दुधाळ होऊन रेघा बुडतात, म्हणून रेघ मुळात मिलिमीटरभर तरी रुंद असू दे. वाट्या जेवायच्या असतील तर ग्लेझ बिनशिशाचंच घे. आणि बिनग्लेझचं ठेवू म्हणशील तर पांढऱ्या लेपावर हळदीचा डाग बसला की निघत नाही, वहिनींना आधीच सांगून ठेव.

पुढच्या फोटोत भांडं उलटं करून बुडाजवळची कडही दाखव. लेप तिथूनच आधी सुटतो.

तुझा,
शंकर